किटलीचं टोपरं

तान्ह्या बाळाला टोपरं घालतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरात किटलीलाही टोपरं होतं. चारचौघांत त्याला टी-कोझी म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. गडद निळ्या लोकरीचं, वर लाल गोंडा असलेलं ते टोपरं आईनं माझ्या उसवलेल्या स्वेटरातून विणलं होतं. पाहुण्यांची पोरं ते डोक्यावर चढवायची आणि तोटीच्या व मुठीच्या फटींतून त्यांचे कान बाहेर यायचे. आई ओरडायची, पण तिलाही हसू आवरायचं नाही.

आमच्या धाराशिवचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना वाटेल, इथं कशाला हवं किटलीला लोकरीचं पांघरूण? पण आमचं गाव बालाघाटाच्या पठारावर. पौषातल्या संध्याकाळी माळावरून वारं सुटलं की अंगणातला माणूस आपोआप चुलीकडे सरकतो. अण्णा शेजारच्या गावी शाळेवर होते. रोज सायकलनं जायचे आणि यायला दिवेलागण टळून जायची. सहाचा चहा आम्ही पोरं आणि आजी प्यायचो. अण्णांच्या वाटचा किटलीत, टोपऱ्याखाली.

पुढं कधीतरी वाचलं, की इंग्रजांच्या घरी हे टोपरं एकोणिसाव्या शतकात रुळलं. त्यांचा चहा किटलीतच मुरायचा, म्हणून ती गरम राखायची. आपल्या चहात दूध, साखर, आलं आधीच पडलेलं, खळखळून उकळलेलं. गाळला की झाला, मुरायचं काही उरत नाही. मग आपल्याकडे टोपरं कशासाठी? माझं उत्तर साधं आहे. उशिरा येणाऱ्या माणसासाठी.

आजीच्या काळात टोपरंही नव्हतं. ती चहाच्या तांब्याभोवती जुन्या घोंगडीचा तुकडा गुंडाळायची. धनगरांच्या मेंढरांच्या काळ्या लोकरीची घोंगडी, चिंचोक्याची खळ दिलेली, हाताला टोचणारी. पण ऊब अशी की विचारू नका. लोकरीचा केस कुरळा असतो. त्याच्या वेटोळ्यांत हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवाच उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं. पावसात भिजलेला गुराखी घोंगडीत उबेला बसतो, एवढं तिनं पाहिलेलं होतं.

त्या टोपऱ्याची एक आठवण मात्र हसण्यासारखी नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. पहाटे चारच्या सुमाराला फळीवरची भांडी खणखणली आणि आम्ही अंगणात धावलो. आमचं घर उभं राहिलं. पण किल्लारी, सास्तूर आणि त्या पट्ट्यातल्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती नि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. सुमारे १० हजार माणसं गेली. अण्णा सोबतच्या मास्तरांबरोबर सास्तूरकडे निघून गेले.

आम्ही घरात झोपायला भीत होतो. अंगणातच तीन दगडांवर आई संध्याकाळी चहा करायची, किटलीला टोपरं घालायची आणि रात्री तो गार चहा ओतून किटली घासून ठेवायची. दोन दिवस असंच झालं. तिसऱ्या रात्री अण्णा आले. आईनं कप भरून दिला. कोमटच होता. अण्णांनी तो दोन्ही हातांत धरला, पण ओठाला लावला नाही. म्हणाले, "तिथं एक बाई ढिगाऱ्यातून काढलेली कपबशी पदरानं पुसत बसली होती. पुसतच होती." आईनं तो कप काढून घेतला आणि काही न बोलता पुन्हा आधण ठेवलं.

अण्णा जाऊन आता चार वर्षं झाली. टोपऱ्याला कसर लागली, आईनं ते टाकूनही दिलं. माझ्या मुलानं पुण्याहून छानसा थर्मास आणला. त्याच्या दोन भिंतींमध्ये हवाच नसते, त्यामुळे चहा तासन्‌तास गरम राहतो. लोकर त्याच्यापुढं कुठली टिकायला! पण आई त्याला हात लावीना. दुपारी एकच कप करायची, उभ्या उभ्या प्यायची.

म्हणून गेल्या थंडीत मी आठ नंबरच्या सुया घेऊन बसले. ४८ टाके, दोन सुलट, दोन उलट. म्हणजे वीण ताणली जाते आणि किटलीला घट्ट बसते. असे दोन तुकडे. सहा इंच झाले, की दोन-दोन टाके एकत्र घेत माथा आवळायचा आणि तोटी व मूठ सोडून कडा शिवायच्या. लोकर शक्यतो खरी घ्यावी. बाजारातली बरीचशी कृत्रिम असते. ती चुलीच्या झळीनं वितळते. म्हणून किटली खाली उतरवल्यावरच टोपरं घालावं.

आई बघत होती. "कुणासाठी गं विणतीस?"

"तुझ्यासाठी."

"माझी वाट बघायची असती का? मी तर घरातच आहे."

मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळानं तिनंच ते हातात घेतलं. "मुठीकडची फट लहान झाली. माझी आखडलेली बोटं आत जायची नाहीत." रात्री मी झोपल्यावर तिनं ती बाजू उसवली आणि त्याच बोटांनी पुन्हा शिवली.

दुसऱ्या दिवशी कामावरून यायला मला साडेसात झाले. स्वयंपाकघरात दिवा होता. ओट्यावर किटली, तिच्यावर माझं वेडंवाकडं टोपरं, शेजारी दोन कप पालथे घातलेले.

"किती उशीर गं," आई म्हणाली आणि टोपरं न काढताच तिनं किटली उचलली.