दोन वर्षांचे मूल बोलत नाही तेव्हा

‘इसका बाप बी देर से बोल्या था,’ असे निलंग्यातल्या आपल्या घरांत वडीलधारी सहज सांगतात आणि त्या धीरावर वर्ष निघून जाते. वर्षाच्या आसपास एखादा अर्थाचा शब्द, दोन वर्षांचे होईपर्यंत ‘अम्मी, पानी’ असे दोन शब्द जोडणे अपेक्षित असते. तसे नसेल तर थांबू नये, असे आम्हाला वाटते. आधी कान तपासा. थोडे कमी ऐकू येणारे मूलही दार आपटले की वळून पाहते, त्यावर विसंबू नका.

घरात दखनी, गल्लीत मराठी म्हणून मूल गोंधळते, हा समज चुकीचा आहे. दोन भाषांमुळे वाचा अडत नाही. आईने आपल्याच भाषेत बोलावे, भाकरी थापताना, वुजू करताना. काही विचारले की मनात पाचपर्यंत मोजावे. आपण फार लवकर उत्तर देऊन टाकतो. मोबाइल तर उत्तराची वाटच पाहत नाही.

हजरत मूसा (अलै.) यांनी जिभेची गाठ सुटावी म्हणून दुआ केली, तेव्हा भाऊ हारून (अलै.) यांची मदतही मागितली. सूरह ताहामध्ये हे आले आहे. ताईत बांधणाऱ्या आजीला आम्ही हेच सांगतो.

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत मोफत तपासणी करते. पथक कधी येणार, हे सेविकेला विचारा आणि बोलण्याची शंका स्वतःहून सांगा.