विद्यार्थी-पत्रकार आणि डिजिटल माध्यम

पत्रकारिता शिकणाऱ्या विद्यार्थ्याने डिजिटल माध्यमांचा अभ्यास ‘खबर लहरिया’पासून आरंभावा, असे मी आवर्जून सांगतो. २००२ साली उत्तर प्रदेशातील चित्रकूट जिल्ह्यात बुंदेली भाषेत निघालेले हे ग्रामीण स्त्रियांचे वृत्तपत्र. त्यांतील अनेकजणी दलित. पुढे छापील अंक थांबला आणि भ्रमणध्वनी हीच त्यांची लेखणी झाली. छापील बातमीत वार्ताहर शब्दांआड राहते. चित्रफितीत मात्र तिचा आवाज, तिची बोली आणि उत्तर टाळणाऱ्या अधिकाऱ्याचा चेहरा, सारेच लोकांसमोर येते. चित्रीकरणाचे तंत्र मुले लवकर आत्मसात करतात. त्यात आम्हा शिक्षकांचीच शिकवणी होते! कठीण आहे ते संकलन. या स्त्रियांवरील ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या अंतिम नामांकनांत पोहोचला. तेव्हा त्यांनीच निवेदन काढून सांगितले, की आमचा भर एकाच पक्षाच्या वार्तांकनावर आहे, असे त्यात भासते. ते यथार्थ नाही. दृश्ये बनावट असल्याचा त्यांचा आरोप नव्हता. आक्षेप होता निवडीवर. म्हणून आमचे विद्यार्थी एखादी मुलाखत चित्रित करून आणतात, तेव्हा मी वगळलेला भाग आधी मागवून पाहतो.