०.३ वॅटचं ऊन

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडीच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. एकदा मेच्या पहिल्या आठवड्याअखेर आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टमध्ये विशाळगडावर आणि आंबा घाटात ढग इतके दाटलेले असतात, की सूर्य वर आहे की खाली याची कुणी चौकशी करत नाही. खरा हिशेब मेचा. निरभ्र दुपारी इथे अतिनील निर्देशांक बारापर्यंत सहज जातो. अकरा आणि त्यापुढची पायरी जागतिक आरोग्य संघटना ‘अति तीव्र’ म्हणून मोजते.

निर्देशांकाचा एक अंक म्हणजे चौरस मीटरला ०.०२५ वॅट, तोही त्वचा भाजण्याच्या ताकदीनुसार तोलून घेतलेला. बाराला गुणलं की ०.३ वॅट होतात. आता युरोपचा नियम बघा. पैसे देऊन अंग रापवून घ्यायच्या दिव्यांच्या खाटेला, म्हणजे सनबेडला, तिथे जी कमाल मर्यादा घातली आहे, तीही नेमकी ०.३ वॅटच! युरोपात कायद्याने जिथे रेघ ओढली, तिथे शाहूवाडीतल्या मलकापूरच्या बाजारात मे महिन्यात भर दुपारी फुकट उभं राहता येतं.

पुढचा हिशेब कागदावर सुटतो. या ताकदीच्या खाटेवर पंधरा मिनिटं पडलं की चौरस मीटरला २७० ज्यूल अंगावर येतात. गोरी, सहज भाजणारी कातडी साधारण २०० ते ३०० ज्यूलमध्ये लाल होते. आता मेअखेरीस धूळवाफ भातपेरणीला वाकलेल्या बाईचं बघू. सकाळी दहा ते दुपारी तीन, सरासरी निर्देशांक नऊ धरला तर उघड्या जमिनीवर या पाच तासांत ४,०५० ज्यूल पडतात. म्हणजे खाटेवरच्या पंधरा फेऱ्या, एका दिवसात. अर्थात तिच्या डोक्यावर पदर असतो, अंगात जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो, आणि ऊन लागतं ते मनगटाला, मानेला, पावलांना. खाटेवरचं गिऱ्हाईक मात्र जवळजवळ उघडंच पडतं. वर आणि खाली दोन्हीकडे नळ्या, मग सगळी कातडी एकदम शेकते.

नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर मेच्या दुपारी दर सेकंदाला अतिनील प्रकाशाचे किती कण आदळतात? ढोबळ हिशेबाने आठ-नऊ हजार लाख कोटी. यातले बहुतेक काही न करता निघून जातात. थोडे पेशीतल्या डीएनएला सापडतात आणि शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. पेशी ही चिकटलेली जोडी दुरुस्त करते. एखादी राहून जाते आणि पुढे तीच नडते.

मधली भिंत म्हणजे मेलॅनिन हे त्वचेतलं रंगद्रव्य. १९७९च्या एका गाजलेल्या मोजणीत काळ्या त्वचेच्या वरच्या थराचं संरक्षण सरासरी १३.४ पट भरलं आणि गोऱ्या त्वचेचं ३.४. आपण बहुतेक जण या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी. म्हणूनच भारतात मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग वर्षाला लाखात एकालाही होत नाही, आणि ऑस्ट्रेलियात लाखात पन्नासाहून अधिक जणांना होतो. शिवाय ‘आधी खाटेवर रापून घ्या, मग समुद्रावरचं ऊन बाधत नाही’ असं सांगून जो रंग विकला जातो, त्याचं संरक्षण जेमतेम तीन-चार पट. पैसे मोजून एवढंच!

२००९मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या खाटा तंबाखूच्या पंगतीत बसवल्या, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध असलेल्या पहिल्या गटात. पस्तिशीच्या आत वापर सुरू केला तर मेलॅनोमाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढतो, असं तेव्हाच्या एकत्रित अभ्यासांत दिसलं. काही नळ्यांमधून निघणारा लांब लहरींचा अतिनील भाग तर दुपारच्या उन्हाच्या दहा-पंधरा पट असतो. २०१४च्या एका अंदाजानुसार अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया मिळून दरवर्षी साडेचार लाखांहून अधिक त्वचा-कर्करोग या हौसेच्या खात्यावर जमा होतात. २०११च्या जनगणनेतला अख्खा शाहूवाडी तालुका दोनदा मोजला तरी हा आकडा भरत नाही.

ब्राझीलने २००९मध्येच हौसेसाठीचा वापर सरसकट बंद केला. अमेरिकेने २०१०पासून त्यावर दहा टक्के कर लावला, ब्रिटनने अठराच्या आतल्यांना मनाई केली. मेलबर्नच्या क्लेअर ऑलिव्हरने मेलॅनोमाच्या आजारपणातून या खाटांविरुद्ध आवाज उठवला आणि २००७मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी ती गेली. २०१५ उजाडताना व्हिक्टोरियासह ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांनी हा धंदाच बंद केला. कर लावून वय तपासत बसण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटतं.

आपल्याकडे गिऱ्हाईक उलट्या दिशेचं. ज्या मेलॅनिनसाठी तिकडे पैसे मोजतात, तेच घालवायला इकडे मोजतात. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतो, म्हणून गोरेपणाच्या काही क्रीममध्ये तो घालतात. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडाच्या आजाराचा माग मुंबईच्या केईएम रुग्णालयात काढला गेला, तेव्हा तो पार्लरमधून आणलेल्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत पोचला. २०२३मध्ये ते प्रकरण वर्तमानपत्रांत आलं. भारताच्या २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत अशा क्रीममध्ये नकळत आलेला पारा दहा लाखांत एक भागापर्यंत चालतो, म्हणजे ३० ग्रॅमच्या डबीत ३० मायक्रोग्रॅम. जगभरच्या तपासण्यांत दहा लाखांत दहा हजार भागांच्या वरची क्रीमं सापडली आहेत. तेवढ्याच डबीत मग ३०० मिलिग्रॅमहून जास्त होतात, आणि ती डबी रोज रात्री चेहऱ्याला चोळायची असते.