धुतलेली गाडी हाताला खरखरीत का लागते?

गाडी धुऊन पुसलीत की हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बॉनेटवरून हलकेच बोटं फिरवा. खरखर लागली? ती ब्रेकमधून उडालेली लोखंडी भुकटी, झाडाचा चीक, रंगकामाचे बारीक शिंतोडे. क्लिअरकोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, इतके घट्ट चिकटतात की शाम्पूने हलत नाहीत. इथे क्ले बारच हवा, म्हणजे ही घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी.

छोटा तुकडा मळून पुरीसारखा चपटा करा. पत्र्यावर शाम्पूचं पाणी सढळ हाताने फवारा आणि क्ले न दाबता सरळ रेषेत फिरवा. आधी अडखळतो, करकरतो, मग सुळकन सरकायला लागतो. तो क्षण मला फार आवडतो! मळकी बाजू आत दुमडत राहा. क्ले जमिनीवर पडला तर मात्र टाकूनच द्या, चिकटलेला एक खडा अख्ख्या दारावर ओरखडे काढतो.

मी हे वर्षातून २ वेळाच करतो, सावलीत. नंतर वॅक्स लावाच, जुनं क्लेबरोबर निघालेलं असतं.