तेल गळतंय वर, थेंब पडतो खाली

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी सौंसर-पांढुर्णा भागात जुन्या गाड्या अजून चालत्या आहेत. छिंदवाड्याकडे जाताना सिलेवानीचा घाट चढून इंजिन तापलं, की बॉनेटखालून जळक्या तेलाचा वास येऊ लागतो.

थेंब जिथे दिसतो तिथेच गळती असेल असं नाही. तेल वरून ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून आधी इंजिन थंड असताना डिझेल-ब्रशने धुऊन कोरडं करा, मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा. थोडी गाडी फिरवून टॉर्चने पाहा. पावडरीवर काळा ओघळ जिथून सुरू होतो, तीच जागा.

शोध वरून खाली. बहुतेकदा दोषी असतं टॅपेट कव्हरचं कडक झालेलं रबर पॅकिंग. ते बदलणं स्वस्त. बोल्ट मात्र जोर लावून आवळू नका, पत्रा वाकतो. मग ऑइल प्रेशर स्विच, फिल्टर, ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट. नवीन पॅकिंगही गळू लागलं तर ब्रीदरचा पाइप चोंदलेला नाही ना, ते बघा. आत दाब साचला की तेल वाट काढतंच.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर थेंब असेल, तर बहुधा मागचं ऑइल सील गेलेलं असतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच प्लेट झिजली असेल तर त्याच मजुरीत बदला. बाहेरून सिलिकॉन थापणं ही निव्वळ मलमपट्टी.

गळती दुरुस्त होईपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी डिपस्टिक पाहा. चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन तिथेच बंद करा.