एका गाठीची किमया

गाठ ही वस्तू आपल्या रोजच्या परिचयाची आहे. जोड्याच्या बंदाला, धान्याच्या पोत्याला, गाईच्या दाव्याला गाठ मारल्यावाचून चालत नाही. मात्र शिवताना दोऱ्याला नको तेथे गाठ पडली, की आपला जीव त्रासून जातो. गाठ म्हणजे एक तर बांधणारी, नाही तर अडवणारी वस्तू, अशीच आपली समजूत असते. ती सुंदरही असू शकते, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. परंतु एक हस्तकला अशी आहे, की जिच्यात गाठीवाचून दुसरे काहीच नसते. तिला कापड लागत नाही, माग लागत नाही, बहुधा सुईही लागत नाही. थोडा धागा आणि तळहातात मावेल एवढा एक धोटा, एवढीच तिची सामग्री! एकच गाठ शेकडो वेळा मारीत गेले, की त्या गाठींतून रुमालाची रंगीत किनार उमलते, कानांतील लोलक तयार होतात, गळ्यातील हारही गुंफला जातो. या कलेला टॅटिंग असे म्हणतात.

टॅटिंगचा धोटा विणकराच्या धोट्याचा धाकटा भाऊ शोभेल. हातमागावर उभ्या ताण्यातून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. टॅटिंगचा धोटा त्याहून पुष्कळच लहान, साधारण सहासात सेंटिमीटर लांबीचा असतो. होडीच्या आकाराची दोन पाती मध्यभागी एका खुंटीने जोडलेली असतात आणि त्या खुंटीवर धागा गुंडाळलेला असतो. पात्यांची टोके एकमेकांना अलगद टेकलेली असल्यामुळे धागा आपोआप सुटत नाही. हवा तेवढाच ओढून घेता येतो. पूर्वी असे धोटे हाडाचे, शिंगाचे, हस्तिदंताचे, चांदीचेही करीत. आता ते लाकडाचे, धातूचे आणि प्लॅस्टिकचे मिळतात.

या कलेला निरनिराळ्या लोकांनी दिलेली नावे मोठी मौजेची आहेत. जर्मन लोकांना धोट्यात होडी दिसली. म्हणून ते तिला ‘होडीकाम’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. इटालियन भाषेतील नावाचा संबंध गप्पांशी आहे. फ्रेंचांनी तर तिला ‘फ्रिव्होलिते’ म्हणजे हलकीफुलकी, क्षुल्लक गोष्ट असे म्हटले आहे. ही गोष्ट खरोखरच क्षुल्लक आहे काय, याचा विचार आपण पुढे करू. त्याआधी ती गाठ कशी असते, ते पाहू.

डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धाग्याचे टोक धरावे. तोच धागा बाकीच्या बोटांवरून फिरवून पुन्हा चिमटीत आणावा, म्हणजे पंजाभोवती त्याचा एक मोठा वेढा तयार होतो. उरलेला धागा उजव्या हातातील धोट्याकडे जातो. आता धोटा वेढ्याच्या ताणलेल्या धाग्याखालून पलीकडे न्यावा आणि वरून परत आणावा. येथवर धोट्याच्या धाग्याचा फास वेढ्याच्या धाग्याभोवती पडलेला असतो. पण आपल्याला हवे असते ते नेमके याच्या उलट! म्हणून डाव्या हाताचे मधले बोट किंचित वाकवून वेढा सैल सोडतात आणि त्याच क्षणी धोट्याचा धागा ताठ ओढतात. त्यासरशी चमत्कार घडावा तसा फास एका धाग्यावरून दुसऱ्या धाग्यावर उडी घेतो. जो धागा वाकलेला होता तो सरळ होतो, आणि जो सरळ होता तो त्याच्याभोवती वळसा घालून बसतो. ही झाली अर्धी गाठ. दुसऱ्या अर्ध्या गाठीसाठी धोटा वरून नेऊन खालून परत आणतात आणि फासाला तशीच उडी घ्यायला लावतात. दोन अर्ध्या गाठी शेजारी शेजारी बसल्या, की एक जोडगाठ पुरी होते.

टॅटिंगचे सारे मर्म या उडीत आहे. फासाने उडी घेतली असेल, तर गाठी धोट्याच्या धाग्यावर मण्यांप्रमाणे सरकतात. मग हव्या तेवढ्या गाठी झाल्यावर धोट्याचा धागा ओढला, की पंजाभोवतीचा वेढा आवळत जातो आणि सगळ्या गाठी गोल बसून एक सुबक कडी तयार होते. परंतु वीस जोडगाठींपैकी एखाद्याच अर्ध्या गाठीने जरी उडी घेतली नाही, तरी ती धागा घट्ट आवळून धरते आणि कडी काही केल्या मिटत नाही. एकोणीस गाठींचे श्रम त्या एका गाठीपाशी अडून बसतात. म्हणून जाणती माणसे प्रत्येक गाठीनंतर धागा किंचित सरकवून पाहतात. कडी एकदा मिटली, की ती पुन्हा उघडणे फार कठीण. पुष्कळदा धागा कापावा लागतो. या कलेत चूक झाकता येत नाही. ती जेथल्या तेथेच शोधून सुधारावी लागते.

हे नीट समजण्यासाठी तुम्ही एक सोपा प्रयोग करून पाहा. एक लाल आणि एक पांढरी अशा दोन जाड दोऱ्या घ्या. लाल दोरी डाव्या हाताच्या बोटांवर ताणून धरा आणि पांढरी दोरी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून तिला धोटा समजा. वर सांगितल्याप्रमाणे गाठ मारा. आधी पांढरा फास लाल दोरीवर दिसेल. मग लाल दोरी सैल सोडून पांढरी ओढा. लाल फास पांढऱ्या दोरीवर गेलेला दिसला, म्हणजे तुमची गाठ साधली!

आता प्रश्न असा, की एवढ्या एका गाठीतून इतके नाना आकार कसे निर्माण होतात? दोन जोडगाठींमध्ये मुद्दाम थोडा धागा मोकळा सोडला आणि मग त्या गाठी एकमेकींजवळ सरकवल्या, की मोकळा धागा वर उचलला जाऊन त्याचा लहानसा फुगीर फासा होतो. याला ‘पिको’ म्हणतात. साडीला फॉल-पिको करून आणतात, त्यातील ‘पिको’ हा शब्द हाच. तो मूळचा फ्रेंच आहे. हे पिको केवळ शोभेसाठी नसतात. पुढची कडी विणताना मागच्या कडीच्या पिकोतून धागा ओढून घेतात, त्यातून धोटा पार करतात आणि अशा रीतीने दोन कड्या एकमेकींचे हात धरून उभ्या राहतात. दोन कड्यांमधील अंतर भरून काढण्यासाठी दुसरा धागा घेऊन गाठींची कमान विणतात. कडी, पिको, जोड आणि कमान एवढ्याच चार गोष्टींच्या मेळातून फुले, पाने, चांदण्या, चक्रे असे असंख्य आकार सिद्ध होतात.

रंगांची योजनाही या रचनेतूनच ठरते. कडीमध्ये दिसणाऱ्या गाठी धोट्यावरच्या धाग्याच्या असतात. कमानीत मात्र धोट्याचा धागा आत लपतो आणि त्याच्याभोवती वळसे घेणारा दुसरा, दोऱ्याच्या गुंड्याचा धागा डोळ्यांना दिसतो. तेव्हा धोट्यावर तांबडा धागा आणि गुंड्याचा धागा हिरवा घेतला, तर तांबड्या कड्यांना हिरव्या कमानी लाभतात. जणू फुलांभोवती पाने फुटावीत! अलंकार घडवताना याच कड्यांत मणी गुंफतात. मणी पिकोवर बसवायचे असतील, तर धागा धोट्यावर गुंडाळण्यापूर्वीच ते मोजून ओवून घ्यावे लागतात. मागाहून आठवण झाली, तर फार खटपट पडते. काम पुरे झाले, की त्याला पातळ खळ देतात आणि टाचण्यांनी नीट ताणून वाळवतात. म्हणजे धाग्याचे लोलकही आपला आकार राखून राहतात.

या कलेची पूर्वपीठिका युरोपात आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत तेथील श्रीमंत घराण्यांतील स्त्रिया मोठ्या धोट्याने दोरीला ओळीने गाठी मारीत आणि ती दोरी कापडावर टाचून नक्षी काढीत. जोशुआ रेनल्ड्झ या प्रसिद्ध इंग्रज चित्रकाराने १७६०च्या सुमारास अल्बमार्लच्या सरदारपत्नीचे चित्र काढले. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्या चित्रातील वृद्ध स्त्रीच्या हाती असाच एक धोटा आहे. आज आपण ओळखतो ते टॅटिंग एकोणिसाव्या शतकात आकाराला आले. एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी १८५० साली या कलेवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्या वेळी कड्या सुई-दोऱ्याने एकमेकींना बांधीत असत. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८५१ साली, धोट्यानेच जोड घेण्याची रीत छापून आली आणि सुईची गरज उरली नाही. रुमानियाची राणी एलिझाबेथ ही देखील या कलेत निष्णात होती. तिच्या कामाचे काही नमुने लेडी होर यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या टॅटिंगवरील ग्रंथात पाहावयास मिळतात.

पण राजवाड्यापेक्षा झोपडीतच या कलेची खरी कसोटी लागली. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर भयंकर रोग पडला. तेथील गोरगरिबांचे पोट या एका पिकावरच चालत असे. पुढे १८५२ पर्यंत दुष्काळाने त्या देशात थैमान घातले. सुमारे दहा लक्ष माणसे भुकेने व रोगराईने मृत्युमुखी पडली आणि जवळजवळ तितक्याच लोकांनी मायभूमी सोडली. या संकटाच्या काळात, १८४७ साली, लाउथ परगण्यातील आर्डी या गावाजवळ सोफिया एलिस या धर्मोपदेशकाच्या पत्नीने गरीब स्त्रियांना टॅटिंगचा उद्योग मिळवून दिला. शेत उजाड झाले होते. घरात विकण्याजोगे काही उरले नव्हते. अशा वेळी धोटा आणि धागा एवढ्या अल्प भांडवलावर, चुलीपाशी बसून करता येईल, असे हे काम होते. जी कला फ्रेंचांच्या भाषेत क्षुल्लक ठरली होती, तिने आर्डीच्या घरांत चार पैसे आणले. सुखवस्तू माणसाच्या हातातील विरंगुळा गरजवंताच्या हाती आला, म्हणजे त्याचा आधार कसा होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

अशा कामाचे मोल आपण कसे करावे? थोडे गणित मांडू. समजा, एका चौकोनी रुमालाची बाजू तीस सेंटिमीटर आहे. म्हणजे त्याचा घेर एकशेवीस सेंटिमीटर झाला. एक कडी एक पूर्णांक दोन दशांश सेंटिमीटर जागा व्यापते असे धरले, तर शंभर कड्या लागतील. प्रत्येक कडीत वीस जोडगाठी धरल्या, तर दोन हजार जोडगाठी, म्हणजेच चार हजार अर्ध्या गाठी झाल्या. चार हजार वेळा धोटा पुढे गेला आणि परत आला. चार हजार वेळा फासाने उडी घेतली, तेव्हा कोठे एका रुमालाला किनार लागली! यंत्रावर विणलेली लेस दुकानात मीटरने मिळते आणि तिचा उपयोगही आहे, पण हातची किनार पाहून “एवढ्याशा दोऱ्याला इतकी किंमत?” असे कोणी विचारले, तर त्याला या चार हजार गाठी मोजून दाखवाव्यात.

मोठे काम म्हणजे मोठ्या हालचालींचे काम, असे नाही. लहानच कृती, पण दर वेळी तितक्याच काळजीने केलेली, ही देखील थोर कार्याची एक वाट आहे. टॅटिंग करणाराला पुढच्या हजार गाठींची चिंता करावी लागत नाही. हातातील गाठ बरोबर बसली की नाही, एवढेच पाहावे लागते. अभ्यासाची गोष्ट तरी याहून निराळी कोठे आहे?

स्वाध्याय

१. टॅटिंगचा धोटा आणि विणकराचा धोटा यांत कोणते साम्य व कोणता फरक आहे?
२. ‘टॅटिंगचे सारे मर्म या उडीत आहे’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. कडीचा रंग आणि कमानीचा रंग वेगळा कसा येतो?
४. टॅटिंगला ‘क्षुल्लक गोष्ट’ म्हणणे योग्य आहे काय? पाठाच्या आधारे सकारण उत्तर लिहा.
५. तुमच्या घरी किंवा गावात हाताने केली जाणारी एखादी वस्तू पाहा. ती पुरी होईपर्यंत एकच कृती किती वेळा करावी लागते, ते मोजून दहा ओळींत लिहा.