टाकीतलं पाणी गढूळ झालं तर

खाऱ्या पाण्याच्या टाकीत शोभेचे मासे सांभाळणाऱ्या गटांसाठी आजची माहिती. वाळू उपसणारा गोबी मासा टाकीत सोडला की पाणी गढूळ होतं आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं.

गोबी वाळूचा घास तोंडात घेतो, त्यातले बारीक जीव खातो आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. ही त्याची खोडी नाही, जेवण आहे. वाळूच काढून टाकली तर तो खाणार काय?

आधी टाकीतलं पाणी काचेच्या पेल्यात तासभर ठेवा. तळाशी गाळ बसला, तर ती वाळूची धूळ. पाणी दुधासारखं पांढरटच राहिलं, तर बहुधा जिवाणू वाढलेत. मग खाणं कमी करा आणि अमोनिया तपासा.

धुळीसाठी गाळणीचा कापूस दर दोन दिवसांनी बदला. पंपाची धार वाळूवर येऊ देऊ नका. नवी वाळू नितळ पाणी येईपर्यंत धुऊनच घाला. जुन्या टाकीची वाळू मात्र खोलवर ढवळायची नाही, खालची घाण वर आली तर मासे दगावतात. आणि तुरटी? हंड्यात आपण फिरवतो, पण इथे मुळीच नको. तिने पाण्याचा सामू उतरतो.

आम्ही तर पाण्याआधी माशाचं पोट बघायला सांगू. ते खपाटीला गेलं असेल, तर कोळंबी बारीक चिरून दिवसातून दोन-तीनदा थोडी थोडी वाळूजवळ सोडा. उरलेली लगेच काढून घ्या.